८५ ला टक झालं नाही, कारण तो बोल्ट ८५ चा नव्हताच

एका गाडीमालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, साधा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. चार महिन्यांपूर्वी क्लच प्लेट बदलून घेतली. परवा गाडी वर घेतली तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बोल्टांपैकी खालचा एक गायब होता, आणि त्याच्या शेजारचा बोटांनी फिरेल इतका सैल. त्यांनी काम स्वतःच करायचं ठरवलं आणि अर्धा इंची टॉर्क रेंच (लावलेल्या आकड्याएवढा जोर आला की टक करणारा पाना) मागवला, २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. इंटरनेटवर तीन आकडे सापडले : ३७, ५० आणि ८५. मोठा आकडा म्हणजे जास्त पक्कं, या हिशेबाने रेंच ८५ ला लावला आणि १४ ची गोटी (सॉकेट) घालून सैल बोल्ट आवळायला घेतला. बोल्ट आधी जड गेला, मग अचानक हलका झाला आणि फिरतच राहिला. टक काही वाजलं नाही. आता विचारतायत : खरा आकडा कोणता, आट्यांना तेल लावायचं का, आणि मिस्त्री म्हणतो तसं लॉकटाइट (आट्यांना लावायचा डिंक) टाकून भागेल का?

पहिलं म्हणजे रेंच खाली ठेवा. टक होईपर्यंत फिरवत राहू नका. जड लागलेला बोल्ट मध्येच हलका झाला याचा अर्थ आतलं काहीतरी सुटलंय. एकतर भोकातले अॅल्युमिनियमचे आटे गेले, नाहीतर बोल्टच ताणला गेला. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

आता आकडे. तुमच्या तीनपैकी दोन आकडे एकच आहेत. ३७ हा फूट-पाउंडातला आहे. एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, गुणून बघा, ५० येतात. जुन्या जपानी पुस्तकांत तेच माप किलोग्रॅम-मीटरमध्ये ५.१ असं छापलेलं असतं, कारण एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. म्हणजे ३७, ५० आणि ५.१ हे एकाच बोल्टाचे तीन भाषांतले आकडे. ८५ चं प्रकरण निराळं आहे. तो बहुतेक एम१२ बोल्टाचा, म्हणजे १२ मिलिमीटर जाड आट्यांच्या बोल्टाचा आकडा आहे. एकाच बेल हाऊसिंगवर (गिअरबॉक्सचं इंजिनला टेकणारं घंटेसारखं तोंड) दोन जाडीचे बोल्ट असणं अगदी नेहमीचं आहे.

तुमचा बोल्ट कुठला, ते तुम्हीच लिहिलंय : १४ ची गोटी. इथे आपल्या गॅरेजच्या बोलीचा एक घोळ आहे. आपण बोल्टाला पान्याच्या नंबराने हाक मारतो. "चौदा नंबरचा दे", "बारा नंबरचा पडला". हा नंबर डोक्याचा. आट्यांची जाडी वेगळी असते आणि टॉर्क जाडीवर ठरतो. जपानी आणि कोरियन घराण्याच्या गाड्यांत १२ चं डोकं म्हणजे एम८, १४ चं म्हणजे एम१०, १७ चं म्हणजे एम१२. युरोपियन गाड्यांत हेच बोल्ट १३, १६ आणि १८ च्या पान्याला लागतात. म्हणजे तुमचा १४ वाला बोल्ट एम१०, आणि तुम्ही त्याला एम१२ चा खुराक पाजला.

आता सरळ उत्तर. साध्या ८.८ ग्रेडचा (हा बोल्टाच्या ताकदीचा आकडा) बोल्ट, कोरडे स्वच्छ आटे, समोर अॅल्युमिनियम, असं असेल तर मी एम८ ला २० ते २५, एम१० ला ४५ ते ५० आणि एम१२ ला ६५ ते ८५ च्या दरम्यान राहतो. पण हे फक्त पुस्तक हाताशी नसतानाचं. तुमच्या इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळत असेल तर त्यातलाच आकडा घ्या, माझा नको. एकाच मॉडेलला पेट्रोल आणि डिझेलचे गिअरबॉक्स वेगळे असतात. मधल्या वर्षी कंपनी बोल्टही बदलते. काही ठिकाणी आकडा आणि वर अंश असतात, म्हणजे अमुक टॉर्कला आणून पुढे ९० अंश फिरवा. ते बोल्ट एकदाच वापरायचे. बीएमडब्ल्यूच्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या क्रँककेसवाल्या सहा सिलिंडर इंजिनांना तर गिअरबॉक्सचे बोल्टच अॅल्युमिनियमचे असतात. ते दर वेळी नवे घालावे लागतात, आणि तिथे "थोडं जास्त आवळलं" हा प्रकार चालतच नाही. तुमच्या गाडीत असं काही असण्याची शक्यता कमी. तरी डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलंय का ते बघून घ्या.

तुमचा खरा प्रश्न मात्र आकड्याचा नाही, असं मला वाटतं. आकडा शेवटी येतो. चार महिन्यांत एक बोल्ट पडतो आणि दुसरा सैल होतो, तेव्हा कुणीतरी पाच न्यूटन-मीटर कमी आवळलं एवढंच कारण क्वचितच असतं. बोल्ट आवळला गेला पण जोड बसलाच नाही, असं बहुधा झालेलं असतं. टॉर्क रेंचला जोड दिसत नाही. त्याला फक्त विरोध कळतो. तो विरोध कशाचा आहे हे बघायचं काम आपलं.

हे जरा खोलात सांगतो, कारण तेलाचं उत्तर यातच आहे. बोल्ट ही मुळात एक ताठ स्प्रिंग असते. आवळल्यावर ती केसभर लांबते, आणि परत आखूड व्हायच्या धडपडीत दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरते. आपल्याला हवा तो हा ताण. पण तो मोजायचा सोपा मार्ग नाही, म्हणून आपण फिरवायला लागलेला जोर मोजतो. गंमत अशी की त्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि ताणाच्या वाट्याला उरतात दहाएक टक्के. ५० न्यूटन-मीटर लावले की कामाला येतात पाच. बाकी सगळी घासाघीस.

आता तेल लावा म्हणजे काय होतं बघा. ८.८ ग्रेडचा एम१० बोल्ट कोरड्या आट्यांवर ५० ला आवळला की साधारण २५ किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे अडीच टन. एकेक बोल्ट अडीच टनांनी दाबतोय. त्याच आट्यांना तेल चोपडून तेच ५० लावले तर घासाघीस कमी होते, वाचलेला जोर ताणात जातो आणि ताण ३३ किलोन्यूटनच्या घरात पोचतो. साडेतीन टनांच्या आसपास हा बोल्ट कायमचा लांबायला लागतो. रेंच मात्र नेहमीसारखाच टक म्हणाला. गंजलेल्या, माती भरलेल्या आट्यांचं बरोबर उलटं. टक येतं, पण सगळा जोर गंज घासण्यात गेलेला असतो आणि बोल्ट आतून सैलच राहतो. तुमच्या त्या सैल बोल्टाचं असंच झालं असेल, सांगता येत नाही.

म्हणून तेल लावायचं की नाही याचं उत्तर : पुस्तकात लिहिलं असेल तरच. नाहीतर आटे तारेच्या ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ करा, कोरडे ठेवा आणि कोरड्याचा आकडा वापरा. माझं गॅरेज चिपळूणला आहे. इथल्या दमट हवेत स्टीलचा बोल्ट आणि अॅल्युमिनियम एकमेकांना असे चिकटतात की सोडवताना घाम फुटतो. जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या नंतर कितीतरी महिने येत होत्या. बेल हाऊसिंगचे बोल्ट काढले की दांड्याभोवती पांढरी भुकटी, आणि काही बोल्ट तर डोकं हातात देऊन आत राहिले. त्यामुळे मी कॉपर ग्रीस वापरतो, पण बोल्टाच्या बिनआट्याच्या दांड्यावर, बोट पुसल्यासारखा पातळ हात. आट्यांवर नाही, डोक्याखाली नाही. आट्यांवर लावायचंच झालं तर आकडा २०-२५ टक्के खाली आणावा लागतो, आणि तो हिशेब नवख्याने करू नये.

आता जोड न बसण्याकडे येतो. माझ्या मते तुमचं दुखणं इथे असू शकतं.

गिअरबॉक्स इंजिनला लावताना इनपुट शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून पुढे येणाऱ्या दांड्याच्या) खाचा क्लच प्लेटच्या खाचांत जाव्या लागतात, शाफ्टचं टोक क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या बेअरिंगमध्ये जावं लागतं (जिथे ते बेअरिंग असतं तिथे), आणि दोन डॉवेल (जागा पक्की धरणारे नळे) त्यांच्या भोकांत बसावे लागतात. सगळं जुळलं तर गिअरबॉक्स हाताने ढकलून, थोडा डोलावून, दोन्ही तोंडं एकमेकांना टेकतात. नाही जुळलं तर बोटभर फट राहते. आणि मग मोह होतो, की दोन लांब बोल्ट घाला आणि आवळून ओढून घ्या.

हा मोह मला झालेला आहे. आयटीआय करून पुण्यात एका गॅरेजात लागलो त्याच्या पहिल्याच वर्षी. डिझेल जीप, संध्याकाळचे सात, गिऱ्हाईक दारात उभं. दहा-बारा मिलिमीटरची फट उरली होती. मी दोन बाजूंचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलो. फट कमी होत होती, मला वाटलं जमतंय. मग सुपारी फुटावी तसा कट्कन आवाज आला आणि हाऊसिंगचा एक कान (बोल्ट बसतो तो उंचवटा) बोल्टासकट हातात आला. क्लच प्लेट मध्यावर बसलीच नव्हती, शाफ्टचं टोक प्लेटच्या कडेवर अडलं होतं आणि मी त्यावर टनांचा दाब देत होतो. उस्ताद ओरडले नाहीत. ते म्हणाले, "बोल्ट धरायला असतो, ओढायला नाही. उद्या हाऊसिंग घेऊन आर्गन वेल्डिंगवाल्याकडे तू जायचंस, आणि पैसे तुझे." मी गेलो. तेव्हापासून शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सोडले तर मी बोल्टाने काही ओढत नाही. तेवढीसुद्धा फट डॉवेलच्या घट्ट बसण्यामुळे आहे अशी खात्री असेल तरच.

तुमच्याकडे काय झालं असेल? तीन शक्यता मला दिसतात.

एक, डॉवेल. हे दोन पोकळ स्टीलचे नळे, बोटाच्या पेराएवढे. क्लचचं काम करताना एखादा गिअरबॉक्सबरोबर निघून येतो, घरंगळतो आणि कोपऱ्यात जातो. तो परत न घालताही गिअरबॉक्स लागतो, बोल्टही आवळले जातात. पण बोल्टाचं भोक बोल्टापेक्षा मोठं असतं, त्यामुळे गिअरबॉक्स मिलिमीटरच्या काही दशांशांनी सरकलेला राहतो. शाफ्ट आणि क्रँक एका रेषेत नाहीत. अशा वेळी गाडी उचलताना क्लच थरथरतो, इनपुट शाफ्टचं बेअरिंग लवकर बोलायला लागतं आणि जोड सतत हलत राहून बोल्ट सैल होतात. दोन्ही डॉवेल आहेत का ते फटीत टॉर्च मारून, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा धरून बघता येतं. नसेल तर गिअरबॉक्स खाली उतरवण्याला पर्याय नाही. वाईट बातमी आहे, पण ती आज कळलेली बरी.

दोन, बोल्टांची अदलाबदल. बेल हाऊसिंगचे बोल्ट एका लांबीचे नसतात. काही इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये जातात, काही उलट दिशेने, दोन बहुतेक वेळा स्टार्टरही धरतात. आखूड बोल्ट लांबाच्या जागी गेला तर चार-पाच आटेच पकडतात. अॅल्युमिनियममध्ये बोल्टाच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट पकड हवी, म्हणजे एम१० ला १५ ते २० मिलिमीटर. उलट, लांब बोल्ट आखुडाच्या जागी गेला तर तो बंद भोकाच्या तळाला टेकतो. तिथे रेंच अगदी छान टक करतो, आणि डोक्याखाली जोड सैलच. चार महिन्यांत एकेक पाक फिरत तो पडतो. माझा अंदाज विचाराल तर तुमचा पडलेला बोल्ट याच जातीचा. म्हणूनच मी बोल्ट काढले की खोक्याच्या पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं चित्र काढतो आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवतो. बोल्ट घालण्याआधी सायकलची आरी भोकात तळापर्यंत घालायची, खूण करायची आणि बोल्टाशी ताडून बघायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

बंद भोकाबद्दलच आणखी एक. आत तेल किंवा पाणी साचलं असेल आणि तुम्ही बोल्ट आवळला, तर द्रव दबत नाही, तो अॅल्युमिनियम फोडतो. आधी हवा मारून भोक कोरडं करा. डोळे सांभाळून.

तीन, खरंच कुणीतरी ते दोन बोल्ट हाताने लावून ठेवले आणि आवळायचे विसरले. हे होतं. खालचे बोल्ट शेवटी लागतात, तेवढ्यात फोन येतो. असं असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण जोड शाबूत आहे.

आता बिघडलेल्या बोल्टाकडे. तो हळू हाताने बाहेर काढा. येत नसेल तर डोक्याखाली स्क्रूड्रायव्हरने उचल देत फिरवा. बाहेर आला की उन्हात धरून बघा. आट्यांच्या खाचांत चांदीच्या तारेसारखं वेटोळं अडकलेलं असेल तर अॅल्युमिनियमचे आटे निघून आलेत. आटे स्वच्छ असतील पण मध्ये कंबर बारीक झाल्यासारखी दिसत असेल तर बोल्ट ताणला गेलाय. नवा बोल्ट शेजारी धरून आटे आट्यांत बसवा. ताणलेल्या बोल्टाचे आटे दोन-चार खाचांनंतर जुळेनासे होतात, उजेडाची फट दिसते. ताणलेला बोल्ट सरळ भंगारात. नवा घाला, भोकात काही झालेलं नसतं.

नवा बोल्ट आणताना एक सापळा आहे. जपानी गाड्यांचे एम१० बोल्ट १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतात. हार्डवेअरच्या दुकानात "दहा एमएमचा बोल्ट" मागितला की १.५ पिचचा मिळतो, कारण बाकी जगाचा साधा एम१० तोच. अनब्राको कंपनीचा, डोक्यावर १२.९ लिहिलेला भारी बोल्ट आणला तरी पिच चुकलं की तो दोन पाक हाताने जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की चांगल्या भोकाचेही आटे गेले. गाडीचा दुसरा चांगला बोल्ट नमुन्याला न्या, आटे जुळवून घ्या, आणि ग्रेड मूळ होती तीच घ्या. १२.९ चा बोल्ट लावल्याने जोड पक्का होत नाही. समोरचं अॅल्युमिनियम तेच राहतं.

आटे गेलेच असतील तर तीन वाटा. भोकात पुढे न वापरलेले आटे शिल्लक असतील (पुन्हा सायकलची आरी) तर योग्य मापाचा लांब बोल्ट घालून भागतं. भोक आरपार असेल आणि मागे जागा असेल तर लांब बोल्टाला फ्लँज नट (रुंद काठाचा). आणि दोन्ही नसेल तर हेलिकॉइल, म्हणजे जुने आटे ड्रिलने काढून, त्याच्या खास टॅपने नवे मोठे आटे पाडून, त्यात स्टीलच्या तारेची स्प्रिंग बसवायची. मूळ मापाचा बोल्ट परत लागतो, आणि अॅल्युमिनियमच्या भोकात ही दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षा कमी नसते, उलट जास्त टिकते. फक्त ड्रिल काटकोनात जायला हवं. गाडीखाली उताणं पडून, डोळ्यांत कचरा पडत असताना ते जमत नाही. हे काम तुम्ही पहिल्यांदा करणार असाल तर करू नका. लेथवाला किंवा जाणता मिस्त्री बोलवा आणि त्याला एम१० गुणिले १.२५ असं कागदावर लिहून द्या. टॅपला ग्रीस फासायला सांगा, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो, क्लचमध्ये पडत नाही.

लॉकटाइटचं राहिलं. गेलेल्या आट्यांवर ते औषध नाही. ते डिंक आहे, आटे तयार करत नाही. चांगल्या आट्यांवरही बेल हाऊसिंगला सहसा लागत नाही, कारण तिथे धातूवर धातू आहे, मध्ये दबणारं गॅस्केट नाही, ताण बरोबर असेल तर बोल्ट फिरायला कारणच नसतं. कंपनीच्या बोल्टावर आधीपासून रंगीत थर असेल तर मात्र तो नवा घ्यावा किंवा निळं मध्यम ताकदीचं लॉकटाइट लावावं. लाल कधीच नाही. पुढच्या क्लचच्या वेळी जो माणूस गाडीखाली असेल तो तुम्हाला शिव्या देईल, आणि तो माणूस बहुधा मीच असेन.

प्रत्यक्ष आवळायचा क्रम माझा असा असतो. इंजिन थंड. हे उगाच नाही. अॅल्युमिनियम गरम झालं की स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम हाऊसिंगवर लावलेला टॉर्क थंड झाल्यावर कमी भरतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, कारण स्टार्टरची जाड तार तिथेच असते आणि तिला पाना टेकला की वेल्डिंग होतं. गाडी घोड्यांवर (अॅक्सल स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही. सगळे बोल्ट आधी हाताने, निदान चार-पाच आटे. जो हाताने जात नाही त्याला पान्याने पटवायचं नाही, काढून कारण शोधायचं. मग साध्या पान्याने समोरासमोरचे बोल्ट टेकवून घ्यायचे, फट सगळीकडे बंद झाली का ते फिरून बघायचं, नखही जाता कामा नये. मग टॉर्क रेंच ३० ला लावून एक फेरी (तुमचा मोठा रेंच इतक्या खाली भरवशाचा नाही, तुम्ही ही फेरी साध्या पान्याने हलक्या हाताने करा), ५० ला लावून दुसरी. एम१२ असतील तर त्यांची वेगळी फेरी.

रेंच मुठीच्या मध्यावर धरा, कारण हाताचं अंतर बदललं की माप बदलतं. झटका नको, सरळ ओढा, टक झालं की थांबा. "टक-टक-टक" अशी तीनदा खात्री करायची सवय बऱ्याच जणांना असते. प्रत्येक टक बोल्टाला थोडं पुढे नेतो. आणि आधी आवळलेल्या बोल्टावर रेंच लावून टक वाजलं म्हणजे तो बरोबर आहे असं नाही. तो निदान तेवढा आहे, एवढंच कळतं. तो ९० ला आवळलेला असला तरी ५० चा टक वाजणारच. म्हणून तुम्ही ८५ च्या भरात आणखी कुठले एम१० आवळले असतील तर ते एकेक करून सोडा, आटे तपासा आणि ५० ला परत आवळा.

तुमच्या २८ ते २१० च्या रेंचवर ५० चालेल, थोडक्यात. रेंच त्याच्या कमाल मापाच्या वीस टक्क्यांखाली वापरू नये, तुमच्या बाबतीत ती हद्द ४२ ची. म्हणजे त्याच्याने एम८ आवळू नका, आणि पुढे कधी ऑटोमॅटिक गाडीचं तेल बदलायची हौस आली तर चेंबरचे (खालच्या तेलाच्या पात्राचे) बारीक बोल्ट तर अजिबात नको. ते दहाच्या आसपासचे असतात, तुमच्या रेंचला ते आले कधी आणि तुटले कधी कळणार नाही. तिथे पाव इंची छोटा रेंच लागतो. सरळ एक्स्टेन्शन लावल्याने माप बदलत नाही. पण गोटी जात नाही म्हणून पुढे कावळ्याच्या पायासारखा उघडा पाना जोडलात तर बदलतं, कारण हात लांब झाला. ४०० मिलिमीटरच्या रेंचला पुढे ५० मिलिमीटरचा जोड सरळ रेषेत लावला तर ५० हवे असताना रेंच साधारण ४४ ला लावायचा. तोच जोड काटकोनात वळवून लावला तर आकडा जसाच्या तसा. काम झालं की रेंच खालच्या आकड्याला आणून ठेवा, आणि त्याने बोल्ट सोडवू नका.

रेंच नसताना हाताने आवळणारे आमच्यासारखे लोक चुकतात का? चुकतात. पण हिशेब माहीत असला तर कमी चुकतात. पाव मीटर लांबीच्या पान्यावर २० किलोची ओढ म्हणजे ५० न्यूटन-मीटर. त्याच पान्याला ६० सेंटिमीटरचा पाईप अडकवून तीच ओढ दिली की १२० च्या घरात. एम१० ला पाईप लावायची वेळ आली, की काहीतरी चुकतंय.

सगळं आवळून झालं की प्रत्येक डोक्यावरून हाऊसिंगवर जाणारी एक पांढरी रेघ ओढा, मार्करने किंवा नेलपॉलिशने. पाचशे आणि मग दोन हजार किलोमीटरवर फक्त बघायचं. रेघ तुटलेली दिसली नाही तर हात लावायचा नाही. दर वेळी "थोडं पक्कं करतो" म्हणून पाना लावणं हेच आटे जाण्याचं मोठं कारण आहे.

८० च्या वेगाला थरथर येते असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. ती या बोल्टांचीच आहे असं मी म्हणणार नाही. व्हील बॅलन्सिंग, टायरला आलेला फुगवटा, इंजिनचं फाटलेलं रबरी माउंटिंग, यांतलं काहीही असू शकतं. गाडी न्यूट्रलला टाकून त्याच वेगात थरथर राहते का ते बघा, पण बोल्टांचं काम पूर्ण झाल्यावर. तोवर गाडी हायवेला काढू नका. कान तुटला तर खर्च दहापट.

आणि शेजारच्या बोल्टाखाली एक जाड काळी वायर, गोल चकतीची, लटकत असेल तर ती अर्थिंगची आहे. तिची जागा ब्रशने घासून चकचकीत करा आणि ती त्याच बोल्टाखाली परत घ्या. निम्मे लोक ती बाहेर विसरतात, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर कुरकुरला की नवी बॅटरी आणायला जातात.